बंदी असलेलं औषध घ्यावंच लागत असेल तर? खेळाडू आणि पालकांसाठी टीयूईची सगळी प्रोसेस

रात्री साडेदहाला फोन वाजतो, पलीकडे आमच्या ग्राउंडवरच्या कुठल्यातरी मुलीची आई असते, "सर, हिला तीन दिवस झाले खोकला आहे, डॉक्टरांनी सिरप दिलंय, देऊ ना?" मी म्हणतो ताई, बाटलीचा फोटो पाठवा, पण पुढचा नको, मागचा पाठवा, जिथे बारीक अक्षरांत आत काय काय आहे ते छापलेलं असतं. आणि बऱ्याचदा त्या बारीक अक्षरांत टर्ब्युटालिन सापडतं. आपल्याकडे ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिनच्या जोडीला टर्ब्युटालिन घातलेली कफ सिरप गल्लीतल्या मेडिकलमध्ये सहज मिळतात, आणि वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या यादीत टर्ब्युटालिनवर बाराही महिने बंदी आहे, मॅच असो नसो.

पृथ्वी शॉचं प्रकरण आठवत असेल. २२ फेब्रुवारी २०१९ ला इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली ट्रॉफीच्या वेळी त्याचं सॅम्पल घेतलं, त्यात टर्ब्युटालिन निघालं, आणि बीसीसीआयने त्याला आठ महिन्यांचं निलंबन दिलं, १६ मार्च ते १५ नोव्हेंबर २०१९. बोर्डाने स्वतःच सांगितलं होतं की हे अनवधानाने घेतलं गेलं आणि हा घटक कफ सिरपमध्ये असतो. त्याच्या आधी २०१७ मध्ये युसुफ पठाणच्या सॅम्पलमध्येही हेच निघालं होतं, त्याला पाच महिने. दोघांनाही मोठी टीम, फिजिओ, डॉक्टर सगळं हाताशी होतं. आपल्या तालुक्याच्या मुलांकडे यातलं काहीच नसतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतोय.

तर टीयूई म्हणजे थेरप्युटिक यूज एक्झेम्प्शन. सोप्या भाषेत, तुम्हाला खरोखरचा आजार आहे, त्यावरचं औषध बंदीच्या यादीत आहे आणि त्याच्याशिवाय भागत नाही, तर ते औषध ठरलेल्या डोसमध्ये, ठरलेल्या मुदतीपर्यंत घेण्याची लेखी परवानगी. ती असेल तर टेस्टमध्ये ते औषध सापडलं तरी केस होत नाही. नसेल तर "डॉक्टरांनी दिलं होतं" म्हणून सुटका होत नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा सगळ्यात कडक नियम आहे. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून फार तर शिक्षा कमी होऊ शकते, तीही सुनावणीत सगळं सिद्ध करून.

पहिलं काम: औषधाचं नाव सोडा, घटक बघा

ब्रँडचं नाव काही सांगत नाही. एकाच नावाची औषधं थोडी शेपटी बदलून येतात, बीपीच्या गोळीच्या नावामागे एक एच लागला की त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायझाइड आलेलं असतं, ते लघवी वाढवणारं औषध आहे आणि त्यावर कायम बंदी आहे. क्लोर्थॅलिडोनचंही तेच. म्हणून घटकांची यादी वाचायची, प्रत्येक घटक वेगळा तपासायचा. नाडा इंडिया, म्हणजे आपल्या देशातली डोपिंगविरोधी संस्था, तिचं 'नो युवर मेडिसिन' ॲप आहे, त्यात औषध शोधता येतं. शोधलं की स्क्रीनशॉट काढून तारखेसह ठेवा, पुढे वाद झाला तर तुम्ही काळजी घेतली होती हे दाखवायला तो उपयोगी पडतो. वाडाची यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते, त्यामुळे मागच्या वर्षी चालत होतं म्हणून यंदा चालेलच असं नाही. ट्रॅमाडॉलचंच बघा, आपल्याकडे दुखण्यावर पॅरासिटामॉलसोबत सर्रास देतात, १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आली.

बंदीचे तीन प्रकार डोक्यात पक्के ठेवा. काही औषधं कायम बंद, उदाहरणार्थ इन्सुलिन, टर्ब्युटालिन, लघवीच्या गोळ्या. काही फक्त स्पर्धेच्या काळात बंद, जसं तोंडाने किंवा इंजेक्शनने घेतलेली स्टिरॉइड्स, ट्रॅमाडॉल, एडीएचडीसाठीचं (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) मिथाइलफेनिडेट. आणि काही ठरावीक खेळांतच बंद, म्हणजे बीटा ब्लॉकर. हे हृदयाचे ठोके आणि हाताचा कंप कमी करतं, त्यामुळे नेमबाजी आणि तिरंदाजीत स्पर्धा असो वा सराव, कायम बंद. कोल्हापूर-पुण्याच्या शूटिंग रेंजवर नाहीतर साताऱ्याच्या तिरंदाजीच्या मैदानावर असणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा, कारण प्रोप्रॅनोलॉल मायग्रेनसाठी, थायरॉइडमध्ये धडधड होते म्हणून, परीक्षेची भीती वाटते म्हणूनसुद्धा लिहून देतात. कबड्डीवाल्याला चालणारी तीच गोळी शूटरचं करिअर थांबवू शकते.

"स्पर्धेचा काळ" म्हणजे मॅचच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपासून मॅच संपून सॅम्पल देऊन होईपर्यंत. पण औषध त्या आधी घेतलं म्हणजे शरीरातून गेलं असं नाही, ते पुढे स्टिरॉइडमध्ये सांगतो.

जिथे आपली मुलं जास्त अडकतात

सलाईन. हे सगळ्यात आधी, कारण यात औषधच नसतं असं लोकांना वाटतं. ताप आला, अशक्तपणा आला, की जवळच्या दवाखान्यात जाऊन एक बाटली चढवून यायची ही आपल्याकडची पद्धत. नियम असा आहे की १२ तासांत १०० मिलीलिटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून घेता येत नाही, साधं ग्लुकोज किंवा मीठ-पाणी असलं तरी, आणि ही बंदी कायमची आहे. सूट आहे ती हॉस्पिटलमधले उपचार, ऑपरेशन किंवा तपासणीच्या वेळी रीतसर दिलेल्या सलाईनला. गल्लीतल्या क्लिनिकच्या बाकावर झोपून घेतलेली किंवा घरी बोलावून लावलेली बाटली यात बसत नाही, तिला टीयूई लागतो. आणि हॉस्पिटलमध्ये असलात तरी बाटलीतून बंदीचं औषध दिलं असेल तर त्या औषधासाठी टीयूई लागतोच. पैलवानांना विनंती, वजन उतरवून वजनकाट्यावरून उतरल्यावर ताकद भरून काढायला सलाईन लावू नका, वजन तोडल्यामुळे झालेली डिहायड्रेशन हा टीयूई मिळण्यासारखा आजार धरत नाहीत. ताक, ओआरएस, पेज, हेच.

दमा. साध्या पंपातलं सालब्युटामॉल चालतं, टीयूई लागत नाही, पण मर्यादेत: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. आपल्याकडचा नेहमीचा पंप एका पफला १०० मायक्रोग्रॅम देतो, म्हणजे ८ तासांत सहा पफ. आता नेब्युलायझर बघा, सालब्युटामॉलच्या एका छोट्या रेस्प्यूलमध्ये, म्हणजे वाफेसाठीच्या प्लास्टिकच्या कुपीत, बहुतेक वेळा अडीच मिलिग्रॅम असतं, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. एका वाफेतच दिवसाची मर्यादा संपून वर गेलं. म्हणून नेब्युलायझर लागत असेल तर टीयूई बघायलाच हवा. सिरप किंवा गोळीतलं मात्र, सालब्युटामॉल असो की लेवोसालब्युटामॉल, सरळ बंद. फॉर्मोटेरॉलच्या पंपालाही मर्यादा आहे, २४ तासांत ५४ मायक्रोग्रॅम. आणि दम्याच्या पंपासोबत बीपीची लघवीची गोळीही चालू असेल तर सालब्युटामॉल मर्यादेत असलं तरी दोन्हींचा टीयूई लागतो, हा भाग बऱ्याच डॉक्टरांनाही माहीत नसतो.

स्टिरॉइड. पंप, नाकातला स्प्रे, डोळ्याचे थेंब, त्वचेचं क्रीम यांना हरकत नाही. गोळी आणि सगळ्या प्रकारची इंजेक्शनं मात्र स्पर्धेच्या काळात बंद, यात २०२२ पासून गुडघ्यात, खांद्यात, टाचेत दिलेलं इंजेक्शनही आलं. वाडाने कुठलं किती दिवस आधी थांबवायचं तेही दिलंय: गोळी साधारण ३ दिवस, दंडात किंवा कमरेत दिलेलं डेक्सामिथासोन-बीटामिथासोन ५ दिवस, सांध्यात दिलेलं बहुतेक ३ दिवस पण प्रेडनिसोलोन आणि ट्रायामसिनोलोन १० दिवस, आणि ट्रायामसिनोलोन स्नायूत दिलं तर तब्बल ६० दिवस. तापात "एक सुई मारली की उद्या उभा राहतो" असं म्हणून जी सुई देतात तिच्यात पुष्कळदा डेक्सामिथासोन असतं. सुई टोचायच्या आधी विचारा, डॉक्टर, यात काय आहे? विचारायला लाजू नका, ते तुमचं शरीर आहे.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पीसीओडीमध्ये चेहऱ्यावरचे केस आणि पुरळ यासाठी स्पायरोनोलॅक्टोन देतात, ते कायम बंद आहे. आणि लग्नानंतर परत खेळायला येणाऱ्या बायकांना मूल राहण्यासाठी क्लोमिफेन किंवा लेट्रोझोल दिलं जातं, तीही दोन्ही कायम बंद. यांच्यासाठी टीयूईची वाट आहे, फक्त गायनॅकला पहिल्याच दिवशी सांगायला हवं की मी स्पर्धा खेळते.

दुसरं काम: डॉक्टरशी बोलणं, आणि चालणारा पर्याय शोधणं

डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, मी खेळाडू आहे, माझी डोप टेस्ट होऊ शकते. बंदी नसलेलं औषध असेल तर तेच घ्या, अर्ज करायची गरजच पडत नाही. बीपीला लघवीच्या गोळीशिवाय कितीतरी चांगल्या गोळ्या आहेत. खोकल्याला टर्ब्युटालिनशिवायची सिरप आहेत, आणि म्हणूनच साध्या खोकल्यासाठी टीयूई मागायच्या भानगडीत पडू नका, मिळत नाही.

टीयूईचा अर्ज तपासणारी डॉक्टरांची कमिटी चार गोष्टी बघते आणि चारही बसाव्या लागतात. आजार आहे हे तपासण्यांनी सिद्ध व्हायला हवं. औषधाने तुम्ही फक्त नॉर्मल तब्येतीपर्यंत यायला हवं, त्याच्या वर फायदा व्हायला नको. चालणारा दुसरा योग्य उपाय नसायला हवा. आणि ही गरज आधी परवानगीशिवाय घेतलेल्या बंदीच्या औषधामुळे निर्माण झालेली नसावी, म्हणजे जिममध्ये स्टिरॉइड घेऊन शरीराचं टेस्टोस्टेरॉन बंद पडलं आणि आता इंजेक्शन हवं, असं चालत नाही. दुसऱ्या मुद्द्यामुळेच शूटरला बीटा ब्लॉकरचा टीयूई मिळणं फार अवघड असतं.

टाइप वन डायबेटिसची मुलं आणि त्यांचे आईबाप यांनी घाबरू नका. इन्सुलिनला दुसरा पर्यायच नाही हे कमिटीला माहीत असतं, कागद नीट असले की ही सगळ्यात सरळ केस असते. मेटफॉर्मिन तर यादीत नाहीच.

तिसरं काम: अर्ज कुणाकडे आणि कधी

देशातल्या स्पर्धा खेळणारा असाल तर नाडा इंडियाकडे. तुमच्या इंटरनॅशनल फेडरेशनच्या व्याख्येप्रमाणे इंटरनॅशनल लेव्हलचे असाल तर फेडरेशनकडे, ही व्याख्या प्रत्येक खेळाची वेगळी असते आणि फेडरेशनच्या साइटवर असते. नाडाने दिलेला टीयूई देशातल्या पातळीवर चालतो, बाहेरच्या मोठ्या स्पर्धेला जाताना तो तिथल्या फेडरेशनने आणि आयोजकांनी मान्य केलाय का हे विमानाचं तिकीट काढायच्या आधी तपासा. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाकू नका.

वेळ: औषध कायम बंदीचं असेल तर आजार कळला, औषध ठरलं, लगेच. फक्त स्पर्धेच्या काळात बंद असेल तर स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून कमिटी २१ दिवसांत निर्णय देते, पण यातला "पूर्ण" हा शब्द महत्त्वाचा आहे, एखादा रिपोर्ट राहिला तर तो पोचेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही.

चौथं काम: फाइल, खरी मेहनत इथे आहे

फॉर्मचा काही भाग तुम्ही भरायचा, काही भाग डॉक्टरने. अक्षर सुटं आणि वाचता येणारं हवं. औषधाचं जेनेरिक नाव, डोस, कसं घ्यायचं, दिवसातून किती वेळा, किती दिवस, हे सगळं डॉक्टरनेच लिहायला हवं. "गरजेप्रमाणे" असं लिहून चालत नाही. डॉक्टरची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. खेळाडू १८ च्या आतला असेल तर आई किंवा वडिलांची सही.

आमच्याकडच्या एका पोरीची फाइल परत आली होती, कारण सोबत फक्त एक चिठ्ठी होती, "दमा आहे, औषध चालू ठेवावे." लहानपणापासूनचा दमा, सगळ्या गल्लीला माहीत, पण श्वासाची टेस्टच कधी केलेली नव्हती. मग स्पायरोमेट्री केली, पंप मारायच्या आधी आणि नंतर, फुंकरीच्या पहिल्या सेकंदाच्या हवेत १२ टक्के आणि २०० मिलीलिटरपेक्षा जास्त वाढ दिसली की दमा सिद्ध होतो. रिपोर्ट जोडला आणि काम झालं. हे आधीच करता आलं असतं ही खंत मला आजही आहे, त्या धावपळीत तिचा एक सीझन गेला.

म्हणून फाइलमध्ये काय हवं तर आजाराचा इतिहास पहिल्यापासून, तपासण्यांचे मूळ रिपोर्ट, तज्ज्ञ डॉक्टरचं पत्र, आणि चालणारी औषधं वापरून का भागलं नाही याचं कारण, कुठलं किती दिवस वापरलं, काय झालं. डायबेटिसमध्ये साखरेचे आकडे आणि एचबीएवनसी, एडीएचडीमध्ये मानसोपचारतज्ज्ञाचं सविस्तर मूल्यमापन, गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी एमआरआय किंवा सोनोग्राफी. वाडाने आजारनिहाय चेकलिस्ट काढल्या आहेत, तुमच्या आजाराची प्रिंट काढून डॉक्टरच्या टेबलावर ठेवा, त्यांचंही काम सोपं होतं. बाहेरगावचे जुने डॉक्टर गेले, केसपेपर हरवले, असं होतं, म्हणून आजपासून प्रत्येक रिपोर्टचा मोबाइलवर फोटो आणि घरात एक प्लास्टिकची फाइल.

अर्ज पाठवायचा तो नाडाने सांगितलेल्या मार्गानेच, टेस्टिंग पूलमधल्या, म्हणजे नियमित टेस्टसाठी यादीत घेतलेल्या खेळाडूंचा अर्ज ॲडॅम्स या ऑनलाइन सिस्टिमवर जातो. कोचच्या व्हॉट्सॲपवर पाठवून "झालं ना सर?" असं विचारू नका. पोचपावती ठेवा. निर्णय येईपर्यंत औषध घेतलंत तर जोखीम तुमची असते, पण जिवावरचं औषध, इन्सुलिनसारखं, निर्णयासाठी थांबवायचं अजिबात नाही.

पालक हळू आवाजात विचारतात, हे बाहेर कळेल का, उद्या मुलीचं लग्न ठरवताना अडचण येईल का. कमिटीत किमान तीन डॉक्टर असतात आणि सगळे गोपनीयतेने बांधलेले असतात, तुमचा रिपोर्ट संघटनेच्या नोटीस बोर्डावर लागत नाही. आजार असणं ही लाज नाही, आणि लपवून पॉझिटिव्ह आलात तर मात्र नाव पेपरात येतं.

इमर्जन्सी झाली तर

अपघात, तातडीचं ऑपरेशन, ॲलर्जीने घसा सुजला, अशा वेळी आधी जीव, अर्ज नंतर. मागाहून टीयूई मिळण्याची सोय याच्यासाठीच आहे. शुद्धीवर आलात की डिस्चार्ज कार्ड, दिलेल्या औषधांचा चार्ट, भूल देताना काय दिलं त्याची नोंद, सगळं मागून घ्या आणि लगेच अर्ज करा. स्पर्धेबाहेर आजारासाठी घेतलेलं आणि फक्त स्पर्धेत बंद असलेलं औषध, उदाहरणार्थ ते स्टिरॉइडचं इंजेक्शन, स्पर्धेत सापडलं तरी मागाहून अर्ज करता येतो. नॅशनल किंवा इंटरनॅशनल लेव्हलचे नसलेले, म्हणजे हौशी मॅरेथॉनवाले, जिल्ह्यातले खेळाडू, त्यांनाही टेस्टनंतर अर्ज करायची मुभा मिळू शकते. पण मागाहून मिळणाऱ्या टीयूईलाही त्याच चार अटी आहेत, त्यामुळे तुमची फाइल आधीपासून तयार असेल तरच ही सोय कामाची.

मिळाला, किंवा नाही मिळाला

नाकारला तर कारण लेखी येतं. ते डॉक्टरसोबत बसून वाचा, पुरावा कमी पडला असेल तर नव्या रिपोर्टसह परत अर्ज करता येतो, निर्णयच चुकीचा वाटत असेल तर अपील करता येतं, त्याची मुदत पत्र हातात पडल्या दिवशीच बघून ठेवा.

मिळाला तर पत्रातला डोस, मार्ग आणि शेवटची तारीख पाठ करा. डॉक्टरने डोस वाढवला किंवा औषध बदललं तर जुना टीयूई त्याला लागू नाही, परत विचारायचं. मुदत आपोआप वाढत नाही, म्हणून शेवटच्या तारखेच्या तीन महिने आधीचा अलार्म मोबाइलमध्ये आजच लावा, कारण नव्या अर्जाला ताज्या तपासण्या लागतात आणि स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट लगेच मिळत नाही.

पत्राची एक प्रत किट बॅगमध्ये, एक फोनमध्ये. सॅम्पल देताना फॉर्मवर मागच्या ७ दिवसांतली सगळी औषधं लिहायची असतात, पंप, गोळी, व्हिटॅमिन, प्रोटीन, आजीने दिलेलं चूर्णसुद्धा, आणि टीयूई आहे हे तिथेच सांगून प्रत दाखवायची. घाईत सही करू नका, आपली औषधं बरोबर लिहिली आहेत का ते एकदा वाचा, मग सही करा आणि फॉर्मची तुमची कॉपी त्याच प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा.